मुलांच्या अंकात वादाचा प्रश्न: दोन्ही बाजूंचं पान कसं तयार करावं

शाळेचं भित्तिपत्रक, मंडळाचा हस्तलिखित अंक, वाचनालयाच्या बालविभागाचं मासिक पान असे उपक्रम महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात गावोगाव चालतात. कधीतरी कुणीतरी हौसेनं सुचवतं की या वेळी 'दोन बाजू' असं पान करू. पान होतं, पण आपल्या बाजूला पाच मुद्दे, एक आकडा आणि आजोबांची आठवण येते, आणि समोरच्या बाजूला 'काही लोकांचं मत वेगळं आहे' एवढं एकच वाक्य उरतं. नाहीतर भीतीपोटी सगळं इतकं गुळगुळीत लिहिलं जातं की चौदा वर्षांच्या वाचकाला वाद कशावरून आहे हेच समजत नाही.

मुलांच्या हे लगेच लक्षात येतं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि शाळेत तिसरी ऐकत वाढतात. ज्या मित्राबरोबर संध्याकाळी क्रिकेट खेळायचं, त्याच्या घरचं म्हणणं पानावर एका ओळीत गुंडाळलेलं दिसलं की त्या पानावरच्या बाकीच्या ओळीही त्यांना खऱ्या वाटत नाहीत.

आठवी ते दहावीच्या वाचकांसाठी असं पान करणारे शिक्षक, ग्रंथपाल आणि मंडळाचे कार्यकर्ते यांच्यासाठी हे टप्पे लिहिले आहेत. एका पानाला साधारण महिनाभर धरा आणि क्रम बदलू नका. आधी लिहून टाकायचं आणि मग कुणाला तरी विचारायचं, या उलट्या क्रमामुळेच बहुतेक पानं बिघडतात.

टप्पा १: विषय बाजूला ठेवा, प्रश्न लिहा

'सीमाप्रश्न', 'आरक्षण', 'मातृभाषा' हे विषय आहेत. विषयावर भाषण होतं, पान होत नाही. पानासाठी एका ओळीचा प्रश्न लागतो, आणि तो असा हवा की विचारी माणूस त्याचं उत्तर 'हो' देऊ शकेल आणि 'नाही'ही. उदाहरणार्थ:

- शाळेच्या दुपारच्या जेवणात अंडं द्यावं का?
- दुकानाच्या पाटीवर राज्यभाषेला किती जागा द्यायची हे सरकारनं ठरवावं का?
- मुलींच्या लग्नाचं किमान वय १८ वरून २१ करावं का? (तसं विधेयक २०२१ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही.)

पहिलंच पान सीमाप्रश्नावर करू नका, असं मी आग्रहानं सांगेन. अंड्याच्या प्रश्नापासून सुरुवात करा. कर्नाटकातल्या अक्षर दासोह या शालेय जेवणाच्या योजनेत अंडं, आणि ते न खाणाऱ्या मुलांना केळं, हे मुलांच्या रोजच्या ताटातलं आहे. पोषणाच्या बाजूनं बोलणारे डॉक्टर आणि शिक्षक आहेत. विरोध करणाऱ्यांत काही मठाधीश आणि शाकाहारी घरांतले पालक आहेत. आपल्या बेळगाव जिल्ह्यात जैन, लिंगायत आणि मांसाहारी घरांतली मुलं एकाच पंगतीला बसतात, त्यामुळे दोन्ही बाजूंची माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. प्रश्न खरा आहे, पण त्यावरून रस्त्यावर दगड पडत नाहीत. संपादक मंडळाचा हात बसायला असाच प्रश्न हवा.

तपासा: तुमच्या मताशी न पटणाऱ्या एका व्यक्तीला फक्त प्रश्न दाखवा. 'प्रश्न असा विचारलेला चालेल का?' एवढंच विचारा. 'मराठीवर अन्याय करणारी पाटीसक्ती हवी का?' या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे. ते समोरची व्यक्ती पहिल्या वाचनात दाखवून देईल.

टप्पा २: खरंच दोन बाजू आहेत का, ते चाळून घ्या

प्रत्येक वाद या पानासाठी नसतो.

ज्याचं उत्तर मोजून, तपासून मिळतं, तो मतांचा प्रश्न नव्हे. लस घेतल्यानं देवीचा कोप होतो का, याला एक बाजू 'हो' आणि दुसरी 'नाही' अशा दोन चौकटी देणं ही मुलांची फसवणूक आहे.

ज्यात कुणाचं माणूसपणच पणाला लागतं, तोही प्रश्न इथं नको. सौंदत्तीच्या परिसरातल्या देवदासी प्रथेचं उदाहरण घ्या. कर्नाटकानं १९८२ च्या कायद्यानं मुलींना देवाला अर्पण करण्यावर बंदी घातली. 'ही प्रथा असावी की नसावी' असं पान करायचं म्हणजे मुलीच्या आयुष्याला एका बाजूचा मुद्दा बनवायचं. अशा घरातली मुलगी तुमच्याच वर्गात बसून ते पान वाचत असू शकते. अस्पृश्यता आणि बालविवाह यांचंही तेच. तिथं प्रश्न पुढं न्या: यातून गेलेल्या बायकांना आणि त्यांच्या मुलांना कोणती मदत मिळावी, ती रोख असावी की शिक्षण आणि कामाच्या रूपात? यावर प्रामाणिक मतभेद असतात.

कायदा झाला म्हणजे वाद संपला, असंही नाही. पाटीचा नियम कायद्यात आहे, तरी तो योग्य आहे का यावर बोलता येतं. नियम कुणी करावा, किती करावा, कसा राबवावा असा प्रश्न असेल तर पान करा. एखाद्या समाजानं इथं राहावं की नाही असा प्रश्न असेल तर करू नका.

टप्पा ३: तथ्यांचा कागद, दोन्ही बाजूंनी मान्य केलेला

मतं गोळा करण्याआधी एक पानभर कागद तयार करा. त्यावर फक्त अशाच ओळी हव्यात ज्यांवर दोन्ही बाजू 'हे घडलं' असं म्हणतील. हे काम वेळ खातं आणि बहुतेक जण इथंच कंटाळतात. पण मुलांना वादाचं मूळ समजतं ते याच कागदामुळे.

अनुभव आल्यावर सीमाप्रश्नाचं पान घेतलंत, तर कागद साधारण असा होईल:

- १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायदा लागू झाला आणि चंदगड तालुका सोडून बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर (आजच्या कर्नाटक) राज्यात गेला.
- १९६६ मध्ये केंद्रानं महाजन आयोग नेमला आणि १९६७ मध्ये अहवाल आला. बेळगाव शहर म्हैसूरकडे ठेवावं, सुमारे २६४ गावं महाराष्ट्राला आणि सुमारे २४७ गावं म्हैसूरला द्यावीत, अशी शिफारस होती.
- महाराष्ट्रानं अहवाल नाकारला. तोच अंतिम मानावा, अशी कर्नाटकाची भूमिका आहे.
- २००४ मध्ये महाराष्ट्रानं घटनेच्या १३१ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार कलम ३ प्रमाणे संसदेचा आहे, असं कर्नाटक म्हणतं.
- डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही राज्यांच्या विधिमंडळांनी आपापल्या भूमिकेचे ठराव केले.

मग वादाचा गाभा दोन-तीन वाक्यांत सांगा. महाराष्ट्राची मागणी चार तत्त्वांवर उभी आहे: खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकांची इच्छा. यातलं पहिलंच तत्त्व कर्नाटकाला मान्य नाही. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात कन्नड भाषक दोन तृतीयांशांहून अधिक होते. खानापूर तालुक्यात किंवा शहराभोवतीच्या अनेक गावांत पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. जिल्हा मोजायचा, तालुका मोजायचा की खेडं, यावर उत्तर बदलतं. एवढं समजलं की दोन्हीकडची मोठी माणसं आपापले आकडे खरे असूनही का भांडतात, हे नववीतल्या मुलाला आपलं आपण उमगतं.

इशारा: आकड्याशेजारी तो कुणाचा आणि कधीचा आहे हे लिहाच. महाराष्ट्राच्या मागणीतल्या गावांची संख्या कुठं ८१४ तर कुठं ८६५ अशी वाचायला मिळते. २०२२ च्या महाराष्ट्राच्या ठरावात ८६५ आहे. नुसता आकडा छापला तर वर्गातलं कुणीतरी दुसरा आकडा घेऊन येईल आणि सगळ्या पानावरचा विश्वास उडेल.

तपासा: कागदावरची विशेषणं खोडा. 'दुर्दैवानं', 'अखेर', 'जबरदस्तीनं', 'ऐतिहासिक' असे शब्द काढल्यावर जे उरतं तेच तथ्य. उरलंच नाही, तर ती ओळ मत होती. तिला पुढच्या टप्प्यात जागा आहे.

टप्पा ४: बाजू पुस्तकातून घेऊ नका, माणसांकडून घ्या

सगळ्यात जास्त कच्चं काम इथं होतं. कन्नड बाजू मराठी बातमीतून उचलली जाते, आणि कन्नड शाळेतल्या भित्तिपत्रकात मराठी बाजू कन्नड बातमीतून. दोन्हीकडे छापून येतं ते विरोधकानं केलेलं वर्णन.

प्रत्येक बाजूची निदान दोन माणसं भेटा, आणि दोन्हीकडची माणसं सारख्या तोलाची निवडा. एका बाजूला वकील आणि दुसऱ्या बाजूला रस्त्यात भेटलेला रागावलेला तरुण घेतलात तर निकाल तुम्हीच लावलात. दुकानदाराला दुकानदार, शिक्षिकेला शिक्षिका, आजीला आजी. संघटनांचे पुढारी शक्यतो टाळा. त्यांची वाक्यं सभेसाठी घासलेली असतात आणि मुलांच्या कानाला ती पोस्टरसारखी लागतात.

कन्नड बोलणाऱ्या माणसाकडे जाताना कन्नड येणारं कुणीतरी बरोबर घ्या. मराठी माध्यमाची मुलं शाळेत कन्नड शिकतात, तेव्हा मुलाखतीला तुमच्यातलीच दोन मुलं येऊ द्या. समोरची व्यक्ती तिच्या भाषेत बोलली तर नेमकं बोलते. मोडक्या मराठीत बोलायला लावलं तर तिचं म्हणणंही मोडकं वाटतं, आणि वाचक नकळत त्याचा दोष तिच्या विचाराला देतो.

हे चार प्रश्न सगळ्यांना सारखेच विचारा:

१. या प्रश्नामुळे तुमच्या रोजच्या जगण्यात काय अडतं?
२. तुम्हाला कोणता हक्क महत्त्वाचा वाटतो?
३. तुमच्या मनासारखं झालं नाही तर तुम्हाला कशाची भीती वाटते?
४. समोरच्यांचं कोणतं म्हणणं तुम्हाला थोडं तरी पटतं?

तिसरा प्रश्न कधीही गाळू नका. बहुतेक पानांवर हक्क असतात, भीती नसते. 'आमच्या नातवाला आमचं पत्र वाचता येणार नाही' असं एखाद्या मराठी आजीनं म्हणावं आणि 'आमच्याच राज्यात आमची भाषा पाहुण्यासारखी राहील' असं एखाद्या कन्नड शिक्षकानं म्हणावं, तेव्हा मुलांना दोन्ही घरं दिसतात. चौथ्या प्रश्नाला उत्तर मिळायला वेळ लागतो. घाई करू नका, चहा घ्या.

आणखी एक गोष्ट. बाजू दोनच असतात असं धरून चालू नका. पाटीच्या प्रश्नात उर्दू वाचणारा व्यापारी आहे. माध्यमाच्या प्रश्नात पोरांना इंग्रजी शाळेत घातलेलं मराठी घर आहे आणि कन्नड घरही. सीमेपलीकडे जत आणि अक्कलकोट तालुक्यांत कन्नड बोलणारी कुटुंबं महाराष्ट्रात राहतात, त्यांचे प्रश्न आपल्यासारखेच आहेत. असा तिसरा आवाज एका छोट्या चौकटीत आला तरी पान खूप सुधारतं.

टप्पा ५: आधी न पटणारी बाजू लिहा

संपादक मंडळातल्या बहुतेकांना जी बाजू पटत नाही, ती पहिल्यांदा लिहा, आणि मनापासून लिहा. आपली बाजू आपोआप चांगली उतरते. दमल्यावर लिहिलेली दुसरी बाजू मात्र दमलेलीच दिसते.

बाजूला समाजाचं नाव देऊ नका, भूमिकेचं द्या. 'कन्नड लोक म्हणतात', 'मराठी माणूस म्हणतो' हे खोडा. सगळी कन्नड घरं एका मताची नसतात, आपली तरी कुठं असतात?

पाटीच्या प्रश्नाचा नमुना पाहू. कर्नाटकानं २०२४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून व्यावसायिक पाट्यांवर ६० टक्के कन्नड सक्तीची केली. त्यावर हमखास लिहिलं जाणारं वाईट वाक्य असं असतं: 'काही संघटनांना मराठीचा द्वेष असल्यामुळे त्यांना कन्नड पाट्या हव्यात.' यात मुद्दा कुठंच नाही, फक्त हेतूवर आरोप आहे. त्याऐवजी असं लिहा:

*नियम हवा म्हणणारे:* 'कन्नड ही या राज्याची भाषा आहे. ती शाळेत शिकायची आणि बाजारात मात्र दिसायची नाही, असं झालं तर मुलांना ती कमी दर्जाची वाटू लागते. खेड्यातून आलेल्या, फक्त कन्नड वाचणाऱ्या माणसाला दवाखाना आणि दुकान ओळखता आलं पाहिजे. मोठ्या शहरांत इंग्रजीनं कन्नडला मागं ढकललं, तसं इथं होईल याची आम्हाला भीती वाटते. उरलेल्या जागेत दुसरी भाषा लिहायला कुणी अडवलेलं नाही.'

*नियम नको म्हणणारे:* 'आमच्या गल्लीतलं बहुतेक गिऱ्हाईक मराठी वाचतं. पाटी कुणासाठी लिहायची हे दुकानदाराला ठरवू द्या. घटनेच्या २९ व्या कलमानं आपली भाषा जपण्याचा हक्क सगळ्यांना दिला आहे. दंडाच्या भीतीनं शिकलेल्या भाषेबद्दल मनात अढी बसते. मराठी अक्षरं कोपऱ्यात गेली की आपली भाषा घरापुरतीच आहे असं आमच्या पोरांना वाटेल. दोन्ही भाषा सारख्या आकारात लिहू द्या, आमची हरकत नाही.'

दोन्ही परिच्छेदांत रोजची अडचण, हक्क आणि भीती आहे. लांबीही जवळपास सारखी आहे. शब्द मोजाच, डोळ्यांचा अंदाज आपल्या बाजूला झुकतो.

तपासा: आता राज्यांची अदलाबदल करा. महाराष्ट्रातही दुकानांवर मराठी पाटी सक्तीची आहे, आणि मराठी अक्षरं इतर भाषांतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत असा तिथला नियम आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिथल्या दुकानदारांना मराठी पाट्या लावण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. तुमच्या परिच्छेदातला प्रत्येक मुद्दा सोलापुरातल्या किंवा मुंबईतल्या कन्नड दुकानदाराच्या तोंडी घालून वाचा. इथं 'हक्क' म्हटलेलं तिथं 'आडमुठेपणा' वाटू लागलं, तर तो मुद्दा पुन्हा लिहा. ही अदलाबदल मुलांसाठीही पानाच्या तळाशी प्रश्न म्हणून ठेवता येते. त्यावर ती फार मन लावून बोलतात.

टप्पा ६: 'होय, हेच म्हणायचंय'

लिहिलेली बाजू घेऊन त्याच माणसाकडे परत जा आणि मोठ्यानं वाचून दाखवा. 'बरोबर आहे, पण...' असं उत्तर आलं तर त्या 'पण'नंतरचं सगळं लिहून घ्या. खरा मुद्दा बहुतेक वेळा तिथंच असतो. 'होय, मला हेच म्हणायचंय' असं ऐकू येईपर्यंत बाजू पक्की धरू नका.

हा टप्पा फोनवर उरकू नका. चेहरा दिसला की नाराजी कळते, फोनवर माणूस 'ठीक आहे' म्हणून सोडून देतो.

मग पान दोन मुलांकडून वाचून घ्या, एक आठवीतलं आणि एक दहावीतलं. जिथं ती अडखळतात तिथं शब्द सोपा करा, मुद्दा सोपा करू नका.

टप्पा ७: मांडणी

- दोन्ही बाजू एकाच कागदावर, शेजारी शेजारी ठेवा. दोन वेगळ्या पानांवर छापल्या तर एकाच पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरतो, आणि दुपारपर्यंत शाळेच्या दारात माणसं उभी राहतात.
- चौकटींना लाल-पिवळा किंवा भगवा रंग देऊ नका. इथं पहिला कन्नड झेंड्याचा आणि दुसरा मराठी बाजूचा, हे लहान मुलालाही कळतं. साधा पांढरा कागद, काळी शाई.
- काळं फासलेली पाटी, दगडफेक, मोर्चा यांचे फोटो नकोत. मुलांच्या डोळ्यांसमोर फोटो राहतो आणि मजकूर विसरला जातो.
- डावी-उजवी बाजू नाणं उडवून ठरवा आणि तसं पानावर लिहा.
- संपादकांचं मत या पानावर नको. मुलांनी विचारलं तर चर्चेनंतर सरळ सांगा. लपवाछपवी केली तर ती अंदाज बांधत बसतात.

टप्पा ८: पान लावण्याआधी आणि लावल्यावर

तारीख बघा. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटक राज्योत्सव असतो आणि दुसरीकडे मराठी संघटनांचा काळा दिन. १७ जानेवारी आणि १ जून या दिवशी सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन असतं. बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन चालू असताना शहर तापलेलं असतं. भाषेचं किंवा सीमेचं पान या दिवसांच्या आसपास लावू नका. अंड्याचं पान केव्हाही चालेल.

मुख्याध्यापकांना आणि एसडीएमसीच्या (शाळा विकास व देखरेख समितीच्या) अध्यक्षांना पूर्ण पान आधी दाखवा, विषय तोंडी सांगून परवानगी घेऊ नका. पालकांना चार ओळींची चिठ्ठी द्या: प्रश्न कोणता, दोन्ही बाजू कुणाकडून घेतल्या, हरकत असेल तर कुणाशी बोलायचं. समाजासमाजांत वैर वाढवणारा मजकूर भारतीय न्याय संहितेच्या १९६ व्या कलमाखाली गुन्हा ठरतो, म्हणून मुलाखतीतलं शिवराळ किंवा धमकीचं वाक्य 'जसंच्या तसं' म्हणूनही छापू नका. अत्याचाराला बळी पडलेल्या किंवा साक्षीदार असलेल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याचं ७४ वं कलम मनाई करतं. नाव गाळून गाव, शाळा आणि आडनाव दिलं तरी ओळख उघड होते.

चर्चेत हात वर करून मत घेऊ नका. वर्गात ज्यांची संख्या कमी आहे ती मुलं त्या क्षणी उघडी पडतात आणि पुन्हा तोंड उघडत नाहीत. 'तुमच्या घरी काय म्हणतात?' हेही विचारू नका. त्याऐवजी प्रत्येकाला न पटणाऱ्या बाजूचा सगळ्यात चांगला मुद्दा चिठ्ठीवर, नाव न घालता लिहायला सांगा. अशा चिठ्ठ्या वाचून दाखवल्या की वर्ग शांतपणे ऐकतो.

इशारा: एखादं मूल गप्प झालं, रडवेलं झालं किंवा त्याच्या आडनावावरून कुणी बोललं, तर चर्चा तिथंच थांबवा. त्या मुलाशी नंतर एकटं बोला, वर्गासमोर त्याची बाजू घेऊन त्याला आणखी उजेडात आणू नका.

पानाखाली एक पेटी ठेवा आणि आठवडाभर पत्रं येऊ द्या. चूक दाखवणारं पत्र आलं तर दुरुस्ती त्याच पानावर, चुकलेल्या ओळीच्या शेजारी, तारीख घालून चिकटवा. मूळ ओळ खोडली तरी वाचता येईल अशी ठेवा. दोन्ही बाजूंकडून पत्रं आली तर तीही सारख्या संख्येनं लावा. एकाच बाजूची आली, तर दुसऱ्या बाजूच्या ज्या माणसाला टप्पा ४ मध्ये भेटला होता, त्याच्याकडे ती घेऊन जा आणि दोन ओळींचं उत्तर मागा.